दोघांचं सारखं कर

मे महिना सरत आला, की आमच्या घरात डोक्यांचा विषय निघतो. शाळा उघडायला पंधरा दिवस उरलेले असतात. वह्यांना खाकी कव्हरं घालायची असतात, दप्तराची चेन दुरुस्त करून आणायची असते, आणि त्या गडबडीत कुणीतरी पोरांच्या मानेवर वाढलेले केस चिमटीत धरून "हे काय जंगल!" म्हणतं. यंदा आमच्या सूनबाईंनी म्हटलं. पल्लवीचा स्वभाव मूळचाच तडकाफडकी. तिनं अर्णवची, म्हणजे माझ्या नातवाची, कॉलर मागे ओढली, मानेवरच्या घामोळ्या बघितल्या आणि तिथूनच माझ्या मुलाला, संजयला, सांगून टाकलं, "दोघांचंही झिरो मशीन मारून आणते. पंधरा दिवसांत येतात केस."

दोघं म्हणजे अर्णव आणि सोहम. सोहम माझ्या पुतण्याचा, रंगनाथचा, धाकटा मुलगा. आठ दिवसांसाठी गावाहून आजीबरोबर आलाय. त्याची आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ, कौसा. अर्णवनं लगेच घर डोक्यावर घेतलं. साईडनं बारीक करा, वरचे राहू द्या, मित्र काय म्हणतील, सगळं झालं. सोहम मात्र सोफ्याच्या कडेवर बसून होता. तो म्हणाला, "माझं कसंबी करा, काकू."

मला ते वाक्य सहन झालं नाही. दुसऱ्याच्या घरी उतरलेलं लेकरू असंच बोलतं. त्याला आवडनिवड नसते असं नाही, ती सांगायची नसते एवढं त्याला कळलेलं असतं. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "या घरात कुणाचाही गोटा करायचा नाही!" आवाज माझा मलाच मोठा वाटला. पल्लवी दारात येऊन म्हणाली, "अहो आई, गोटा कुठे? मशीन म्हणतेय मी." कौसा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तिच्या बांगड्या तेवढ्या क्षणभर वाजायच्या थांबल्या.

तिच्या बांगड्यांचं सांगायला हवं. माझा दीर नामदेव जाऊन सहा वर्षं झाली. तरी कौसाच्या दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या आहेत, मनगटभर. नवीन माणूस बघतं आणि गप्प बसतं. आमच्या नात्यातल्या बायकांना त्याचं कारण ठाऊक आहे, पण पूर्ण नाही. पूर्ण मला ठाऊक आहे. निदान परवापर्यंत मी असं समजत होते, की ते फक्त मलाच ठाऊक आहे.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही शहागंजच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे तहसिलात कारकून. संजू नऊ वर्षांचा. त्या उन्हाळ्याची आठवण काढली की मला आधी वास येतात. वाळ्याच्या पडद्यावर मारलेल्या पाण्याचा, गच्चीवर वाळणाऱ्या कुरडयांच्या आंबूस चिकाचा, खाली गल्लीत दुपारी विकायला येणाऱ्या खरबुजांचा. नळाला पाणी यायचं ते तासभर, आणि त्या तासात सगळ्या बिऱ्हाडांच्या बायका हंडे घेऊन एकमेकींना टोचून बोलत उभ्या असत. घरमालकीणबाईंची जीभ त्यात सगळ्यांत तेज. त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

त्या उन्हाळ्यात नामदेवला मुतखड्याचा त्रास सुरू झाला आणि त्याला इथल्या सरकारी दवाखान्यात भरती केलं. गाव पाचोडपासून दोन-तीन कोसांवर. कौसाच्या अंगावर तान्ही पोर, घरात म्हाताऱ्या सासूबाई, गोठ्यात गुरं. तिला येणं शक्य नव्हतं. नामदेवबरोबर त्याचा मुलगा रंगा, म्हणजे आजचा रंगनाथ, आला. तोही नऊ वर्षांचाच. बापाला दवाखान्यात डबा नेऊन द्यायला, पाणी भरून द्यायला बरं पडेल म्हणून त्याला माझ्याकडं ठेवून घेतलं. मला तो 'मोठी आई' म्हणायचा, बापाला 'दादा'. डबा हातात दिला की विचारायचा, "मोठी आई, दादाला भाकर चालंल का आज?" त्याचे केस दाट, तेल लावून बसवलेले, कपाळावर आईनं काढलेला सरळ भांग. आल्यावर चार दिवस त्यानं तो भांग स्वतःच आरशात बघून जपला होता.

आता खरं सांगते. उवा संजूच्या डोक्यात होत्या. वार्षिक परीक्षेपासूनच होत्या. शाळेतून आल्या असणार. मी रोज दुपारी गच्चीचं दार लावून त्याला मांडीवर घ्यायची आणि फणी फिरवायची. कुणाला कळू नये म्हणून कापूर घातलेलं तेलसुद्धा मी बांगड्यांच्या डब्यात लपवून ठेवलं होतं. एवढी कसली लाज, असं आज वाटतं. पण मी खेड्यातून लग्न होऊन शहरात आलेली, दोन खोल्या आरशासारख्या लख्ख ठेवणारी बाई. 'गावाकडची' हा शब्द कुणी आपल्याला लावू नये, एवढ्यासाठी माझा सगळा आटापिटा चाललेला असे.

आणि एका सकाळी नळावर संजू माझ्या कडेला उभा असताना मालकीणबाई वाकल्या, त्याच्या कानामागून दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि सगळ्यांच्या देखत नखावर चिरडलं. "अगं बाई! तुमच्या घरात उवा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "गावाकडून पोरगं आलंय ना, दिराचं. त्याच्या डोक्यातल्या."

रंगा मागेच होता. कळशी घेऊन रांगेत उभा. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग नळाकडे बघितलं.

बोललेलं खरं करून दाखवावं लागतं. संध्याकाळी मी ह्यांच्याजवळ विषय काढला. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मग दोघांचंही मशीन मारून आण. उन्हाळाच आहे." मी म्हटलं, "संजूचे राहू द्या, त्याला नाही आवडत. रंगाचाच गोटा करते, त्याच्या आईला काय, बरंच वाटेल." तेव्हा मात्र ह्यांनी पेपर खाली घेतला. म्हणाले, "दोघांचं सारखं कर. पोर मनाला लावून घेईल." ह्यांनी आयुष्यात मला फार गोष्टी सांगितल्या नाहीत. ही सांगितली, आणि ती मी ऐकली नाही.

शहागंजात चमनच्या, म्हणजे तिथल्या बागेच्या, अलीकडे एक सलून होतं. लाकडी खुर्ची, तिच्या हातांवर आडवी फळी टाकून पोरांना उंच बसवायचे. दाढी पांढरी झालेले एक चाचा ते चालवत. संजूला आधी बसवलं. कानाजवळ कात्री लागताच त्यानं असा काही सूर लावला, की मी म्हटलं, "बस, थोडेसेच काढा." हिरोसारखे कान झाकणारे केस त्याला हवे होते, ते तसेच राहिले. मग रंगा फळीवर चढला. मी म्हटलं, "इसका गोटा करो."

चाचांनी हातातला वस्तरा तसाच धरला. "पूरा गोटा? उस्तरा मारके?" मी म्हटलं, "हौ." त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "घर में सब खैरियत है ना, बाई?"

मला तेव्हा तो प्रश्न कळलाच नाही. मला वाटलं, चौकशी करतायत. "सब खैरियत. उवा झाल्यात उसके डोक्यामें," मी माझ्या हिंदीत सांगितलं. त्यांनी पोराच्या डोक्यावर पाणी चोळलं. अर्धं डोकं झाल्यावर पुन्हा थांबले. "पीछे चोटी छोडूँ क्या?"

आणि मी म्हटलं, "शेंडी ठेवा." अगदी भुंडं नको, कौसा म्हणेल शेंडीसुद्धा ठेवली नाही पोराला, एवढाच माझा विचार. त्यांनी पुन्हा आरशात बघितलं, पण या वेळी काही विचारलं नाही. एका परक्या धर्माच्या म्हाताऱ्या माणसाला जे दोनदा खटकलं, ते मला, त्या पोराच्या मोठ्या आईला, एकदाही खटकलं नाही. उन्हाळ्यात लेकरांचे गोटे करतातच. पण ज्याचा बाप दवाखान्यात पडलाय त्याचा करत नाहीत, आणि वस्तऱ्यानं, मागे शेंडी ठेवून, तर नाहीच नाही. आमच्यात तसं डोकं कधी करतात हे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक असतं. मी तर सातवी पास.

घरी येताना संजूनंच पहिली टपली मारली. मग चमनजवळच्या पोरांनी. रंगानं खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला आणि मला विचारलं, "मोठी आई, आईला कसं दिसंल हे?" मी म्हटलं, "छान दिसेल. थंड वाटतं की नाही?" तो म्हणाला, "व्हय. वाटतं." दुसऱ्या दिवशी नळावर मी त्याला मुद्दाम पुढे उभं केलं. मालकीणबाई म्हणाल्या, "बरं केलंत." मला त्यानं समाधान वाटलं, हेही लिहून ठेवते.

नामदेवचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. डॉक्टरांनी आणखी आठ दिवस ठेवून घ्यायचं सांगितलं. रंगाला मात्र गावी धाडायचं ठरलं. त्याच दिवशी गावातला दगडू शिंपी अस्तरं आणि दोरे घ्यायला शहागंजात आला होता. त्याच्याबरोबर पाठवायचं म्हणजे लगेच निघायला हवं. हे म्हणाले, "बापाला भेटवून मग पाठव." मी म्हटलं, "गाडी चुकेल." डोकं केल्यापासून रंगा दवाखान्यात गेलाच नव्हता, डबा हेच नेत होते. भेटवलं असतं, तर नामदेवनंच कपाळाला हात मारून घेतला असता आणि पुढचं सगळं टळलं असतं. नामदेवला दवाखान्याचे कपडे होते, म्हणून त्याचं धोतर आणि सदरा धुऊन मी एका पिशवीत घातला. टोपी चुरगळू नये म्हणून वर ठेवली. ती पिशवी रंगाच्या हातात दिली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दगडूनं सांगितलं तेवढंच. पण इतक्यांदा मनात आणलंय, की आता पाहिल्यासारखंच झालंय. पाचोडला बाजाराचा दिवस. कौसा मीठमिरची घेऊन स्टँडवर थांबलेली. नवरा दवाखान्यात गेल्यापासून बाजाराला आली की ती औरंगाबादची गाडी बघितल्याशिवाय गावाकडं वळायची नाही. कुणी ओळखीचं उतरलं तर खुशाली कळेल म्हणून. गाडी आली. दगडू उतरला तो थेट मागच्या शिडीनं टपावर चढला, त्याचं गाठोडं वर होतं. आणि दारातून एकटा रंगा उतरला. वस्तऱ्यानं केलेलं डोकं, मागं शेंडी, हातात बापाचे कपडे, त्यावर बापाची टोपी.

तिनं विचारलंसुद्धा नाही. विचारायचं काय राहिलं होतं? ती मटकन खाली बसली. बाजारच्या बायका धावल्या. बायकांनी पोराकडे बघितलं आणि त्यांनाही सगळं समजलं. पाण्याच्या टाकीच्या दगडी कठड्यावर कौसानं दोन्ही हात आपटले. रंगा घाबरून रडायला लागला, आणि ते रडणं म्हणजे साक्षच ठरली. तो "दादा बरा हाय, आई" म्हणत होता, असं तो मोठेपणी सांगायचा. पण त्या कल्लोळात नऊ वर्षांच्या पोराचं कोण ऐकतं? टपावरून गाठोडं घेऊन दगडू खाली येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. तो ओरडला, "अवो, काय करून राहिलात! नामदेव जित्ता हाय! उवा झाल्त्या पोराला!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं कौसा आली. तान्ही कडेवर. थेट दवाखान्यात गेली, नामदेवच्या खाटेजवळ उभी राहिली. नुसती बघत राहिली. नामदेवला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. तो हसून म्हणाला, "लई आयुष्य वाढलं बग माझं." मग ती आमच्याकडं आली. दोन्ही हातांत नव्या हिरव्या बांगड्या, कासाराकडून घाईत भरलेल्या, आणि डाव्या मनगटावर हळद दाबून बांधलेली चिंधी. मी दारातच होते. मला वाटलं, आता ही मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात संजू बाहेरून धावत आला. कपाळावर आलेले केस त्यानं मानेच्या झटक्यानं मागे टाकले. कौसानं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बाई, संजूचं नाय केलं व्हय?"

एवढंच विचारलं. मी म्हटलं, "त्याच्या डोक्यात नव्हत्या उवा."

ती "बरं" म्हणाली आणि तान्हीला पाजायला भिंतीकडे तोंड करून बसली.

चूक झाली ती झाली. शेंडीची चूक मी अजाणता केली, असं म्हणून तिच्यावर पांघरूण घालता येतं. पण हे दुसरं उत्तर मी जाणूनबुजून दिलं, आणि त्याची शिक्षा कौसानं भोगली. सासूबाईंनी तिला सगळ्या भावकीसमोर फैलावर घेतलं. "लेकराच्या डोक्यात उवा हुईस्तोवर तुला कळंना व्हय? शहरात धाडलं, थोरलीला मान खाली घालाया लावली!" ती ऐकून घेत राहिली. मी तिथंच होते, चहाची कपबशी हातात धरून. सणावाराला, लग्नकार्यात ही गोष्ट हमखास निघायची. लोक हसायचे. नामदेवही हसायचा. 'कौसाच्या उवा' असं त्या गोष्टीचं नाव पडलं होतं. आणि कौसा वाढायला वाकली, की डाव्या मनगटावरचा तो पांढरा व्रण बांगड्यांमधून मला दिसायचा. मी ताटाकडे बघत जेवायची.

सहा वर्षांपूर्वी नामदेव खरोखर गेला. रंगनाथनं डोकं केलं, मोठ्या माणसाचं डोकं, मागे शेंडी. मला त्याच्याकडे बघवेना. दहाव्या दिवशी भावकीतल्या बायका कौसाच्या हाताशी गेल्या, तेव्हा तिनं दोन्ही हात पदरात घेतले. ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माज्या एकदा फोडून झाल्यात. पाचोडच्या स्टँडवर. एका नवऱ्याच्या दोनदा फोडत नसतेत. इचारा बाईला."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी थोरली जाऊ, माझा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. मी मान हलवली. "राहू द्या तिच्या," म्हटलं. बायका मागे सरल्या. नंतर कितीतरी जणी मला म्हणाल्या, थोरली असावी तर अशी, कशी पाठीशी उभी राहिली. त्या कौतुकानं मला जेवढं खाली पाहायला लागलं, तेवढं कुणी शिव्या दिल्या असत्या तरी लागलं नसतं. त्या दिवशी आणखी एक वाक्य बोलायला मला जागा होती. मी ते बोलले नाही.

परवा अखेर पल्लवीनं पोरांनाच विचारलं. अर्णव म्हणाला साईडनं बारीक. सोहमला मी जवळ बोलावून विचारलं, तुला कसे हवेत? तो लाजत म्हणाला, "अर्णवदादासारखे." दोघं पल्लवीबरोबर कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. घरात आम्ही दोघीच उरलो. कूलर घरघरत होता. मी कौसाजवळ जमिनीवर बसले. गुडघे बसू देत नाहीत, तरी बसले. आमचे हे आता नाहीत, सासूबाई नाहीत, मालकीणबाई कुठे असतील कोण जाणे. ज्यांच्यासमोर मान राखायची होती त्यांतलं कुणी उरलेलं नाही. मी म्हटलं, "कौसा, त्या वर्षी उवा संजूच्या डोक्यात होत्या. रंगाच्या नव्हत्या."

ती डाळीतला खडा शोधत होती. तो सापडला, तिनं तो बाजूला टाकला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "रंग्यानं तवाच सांगितलं व्हतं. नळावरचं बी सांगितलं व्हतं."

"मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस? सासूबाई एवढं बोलल्या तुला. लोक हसले."

"तुम्ही सांगताल म्हणून थांबले व्हते, बाई."

तिच्या आवाजात राग असता तर मला काही धरायला मिळालं असतं. तो नव्हता. तिनं सूप पुढे ओढलं आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून थोडी सरकली. मी मान खाली घालून तिच्याबरोबर डाळ निवडू लागले. पोरं परत येईपर्यंत तिच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या.